पाय गाडीतच राहिला

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी आईला हाका मारू नका. कुणाला काही झालेलं नाही, माझी नोकरी सुटलेली नाही, आणि मी इथे परस्पर लग्नही ठरवलेलं नाही. मी हे वहीच्या कागदावर लिहून त्याचे फोटो धाकट्याला पाठवतेय. तो ते कागदावर काढून तुमच्या हातात देईल. अक्षर माझंच आहे, खराब झालंय कारण बोटं आखडली आहेत. फोन असताना हा उपद्व्याप कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण फोनवर मी तुमच्या पायाचा विषय काढला की तुम्ही माझ्याशी तक्रार कक्षातल्या आवाजात बोलायला लागता. ‘तक्रार नोंदवली आहे, माणूस निघालाय.’ एवढं म्हणून फोन आईच्या हातात. वीज गेली म्हणून ओरडणाऱ्या अख्ख्या गावाला तुम्ही असंच गप्प करत आलात, तिथे माझा काय निभाव लागणार? पत्राचं तसं नाही. ते तुम्ही मधेच बाजूला ठेवलंत तरी तिथेच पडून राहतं.

शनिवारी आई बोलता बोलता सांगून गेली की हल्ली तुम्ही रोज संध्याकाळी ‘तो’ लावून अंगणात चालता. मागून तुम्ही तिला ‘अगं, कशाला सांगितलंस!’ म्हणून दटावलंत, तेही मला ऐकू आलं. मी पुढच्या महिन्यात सुट्टीवर येणार, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तर लेकीला घ्यायला फाटकापर्यंत दोन पायांवर चालत जायचं, असा तुमचा बेत. आईला वाटलं मी आनंदाने किंचाळेन. मी काहीच बोलले नाही. तुम्ही म्हणालात, ‘लाइन गेली वाटतं.’ लाइन गेली नव्हती, बाबा. आपल्या घरात त्या पायाला कधी नावच पडलं नाही. कृत्रिम पाय बनवायच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी तो माझ्या हाताने तुमच्यासाठी बनवला, परीक्षकांनी पाठ थोपटली, आणि घरी आल्यावर तो ‘तो’ झाला. ‘तो कपाटामागे ठेवलाय.’ ‘त्याच्यावर चादर टाक, धूळ बसते.’ एखाद्या रुसून बसलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मोटारींची शर्यत बघायला गेले. हसा. बसमध्ये तुमच्या मांडीवर दोनदा उलटी केलेली मुलगी मोटारींची शर्यत बघते! खरं तर मला झोपायचं होतं. रविवार आला की मी माझ्या खोलीत पडून राहते. खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, त्यामुळे बाहेर बघत बसण्याचीही सोय नाही. आठवडाभर उभं राहून पायांचे साचे घासायचे. प्लास्टरची पांढरी पूड नाकात जाते, भुवयांवर बसते, डोक्याला फडकं बांधलं तरी केसांत शिरते. आईने मला संध्याकाळी सहा वाजता पाहिलं तर तिला वाटेल पोरगी एकदम म्हातारी झाली. पण हा थकवा निव्वळ उभं राहण्याचा नाही. पहिल्या वर्षी एखादा माणूस मी बनवलेल्या पायावर पहिली पावलं टाकायचा, त्याची बायको रडायची, आणि मीही रडायचे. आता सगळे रडतात तेव्हा मी त्याची टाच नीट पडते का ते बघते. कॉलेजच्या निरोप समारंभात ‘प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा हक्क आहे’ म्हणून भाषण ठोकणारी मुलगी ती हीच का, असं मला कधी कधी वाटतं. त्या भाषणानंतर तुम्ही आईच्या कानात म्हणाला होतात, ‘आपण बसून ऐकलं ते बरं झालं.’ मला ते ऐकू आलं होतं.

शर्यतीचं आमंत्रण एका पाववाल्याचं होतं. त्याची बेकरी आहे, पहाटे स्वतः गाडी घेऊन दुकानादुकानांत पाव पोचवतो. मोटरसायकलच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, म्हणजे तुमच्यासारखाच. चालायचा पाय त्याला आमच्याकडूनच मिळालेला आहे. हिवाळा संपता संपता तो पुन्हा आला आणि म्हणाला, मला शर्यतीच्या गाडीत क्लच दाबायला एक वेगळा पाय करून दे. त्याला तळवा नको, घोटा नको, बोटं नकोत. क्लचवर पक्की बसेल अशी पट्टी आणि वर एक आखूड दांडा, बस्स. मी नाही म्हटलं. माझी तत्त्वं तुम्हाला माहीत आहेत. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे ती जरा जास्तच आहेत. पाय माणसाला उभं करण्यासाठी असतो, तो मोटारीचा सुटा भाग नव्हे, असं मी त्याला बरंच काही ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘उभं राहायला आहे की एक. दोन-दोन लावून फिरू का?’ आमच्या कार्यशाळेत निवृत्तीला आलेली एक बाई आहे. मी मनातल्या मनात तिला थोरली म्हणते. तिने माझ्यासमोर प्लास्टरची बादली आणून ठेवली. ‘भाषण झालं असेल तर माप घे.’

असा तो पाय झाला. इतका कुरूप पाय मी आयुष्यात बनवला नव्हता. तुमच्यासाठी केलेल्या पायाला मी कातडीचा रंग किती दिवस जुळवत बसले होते, नखंसुद्धा कोरली होती! याला नुसता काळा रबर, आणि मांडीला आवळणारा एक पट्टा. तो पट्टा पाववाल्याच्या बायकोने शिवून आणला. ती शिंपीण आहे. पट्टा भडक लाल, टोकाला मूठ मावेल एवढी कडी. इतका भडक का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, ‘घाबरलेल्या माणसालाही दिसला पाहिजे म्हणून.’

शर्यतीची जागा गावाबाहेर आहे. मला वाटलं होतं झेंडे, गॅलऱ्या, चकचकीत गाड्या असतील. होतं काय, तर एक मोठं माळरान, त्यात गोल फिरणारी मातीची वाट, कडेने जुन्या टायरांची भिंत. गाड्या भंगारातून उचललेल्या, काचा काढून टाकलेल्या, दारं कायमची जोडून बंद केलेली, नंबर घरच्या ब्रशने रंगवलेले. आत शिरायचं ते खिडकीतून आणि बाहेर यायचं तेही खिडकीतून. माणसं घरातल्या खुर्च्या घेऊन आलेली, कुणी थर्मासमधला चहा ओततंय, कुणी गाडीखाली आडवं झालंय आणि बाहेरून त्याची बायको त्याला पाने देता देता शिव्याही देतेय. आवाज तर असा की छातीतलं हाड थरथरतं. शिंपीणबाईंनी माझ्या कानात कापसाचे बोळे कोंबले आणि मला एका उलट्या खोक्यावर बसवलं. त्यांचं तोंड मात्र सगळ्या आवाजावर मात करत होतं. ‘गेल्या वर्षी हा सातवा आला आणि महिनाभर गावाला सांगत फिरला. सातवा! धावत होते आठ.’ पाववाला गाडीवरून फडकं फिरवत म्हणाला, ‘आठव्याच्या बायकोला विचार तिला काय वाटलं ते.’

शर्यतीआधी एक परीक्षा असते. गळ्यात शिट्टी अडकवलेला, पोट सुटलेला एक तपासनीस प्रत्येक गाडीपाशी येतो. चालवणाऱ्याने आत बसून सगळे पट्टे आवळायचे, आणि शिट्टी झाली की आपलं आपण खिडकीतून बाहेर यायचं. उशीर झाला तर शर्यत नाही. गाडी पेटली तर बाहेर येता यावं, एवढाच त्यामागचा हिशोब. पाववाला कुबड्यांवर गाडीपर्यंत आला, कुबड्या टपावर ठेवल्या, खिडकीतून आत सरकला आणि तिथे बसून त्याने पाय चढवला. मी खोक्यावरून उठून खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. माझा पाय क्लचला अडकणार, हा बाहेर येताना लटकणार, आणि आपण त्याला धरायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दोन्ही हात पुढे करून मी तयार. शिंपीणबाई मागून म्हणाल्या, ‘हात खाली घे बाई, नाहीतर तो तुझ्या अंगावरच पडेल.’

शिट्टी झाली. खांद्याचे पट्टे सुटले, लाल कडी खेचली गेली, आणि तो खिडकीतून आधी डोकं, मग हात, मग कंबर असा बाहेर आला, काठावर बसला, वळला आणि एका पायावर उभा राहिला. एक हात टपावर, विजारीचा डावा पाय खाली लोंबतोय. माझा पाय गाडीतच राहिला होता, क्लचवर, एकटाच उभा. तपासनीसाने वाकून आत बघितलं. ‘पाय राहिला की आत.’ पाववाला धापा टाकत म्हणाला, ‘त्याची परीक्षा नाहीये, माझी आहे.’ सगळे हसले. तपासनीसाने खडूने गाडीच्या नाकावर खूण केली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. बाबा, कुणी मान वळवली नाही. कुणी धावत आलं नाही. एका पायावर उभा असलेला माणूस तिथे उभाच आहे असं सगळ्यांना वाटत होतं. हात पुढे करून उभी असलेली तिथे मी एकटीच होते.

मला पदवीदानाचा दिवस आठवला. तो आपला फोटो आईने चौकटीत लावून ठेवलाय. तुम्ही नव्या सदऱ्यात, दोन पायांवर, आणि तुमचा हात माझ्या खांद्यावर. येणारा-जाणारा म्हणतो, बापाची माया बघा. माया होतीच. पण त्या हातात तुमचं निम्मं वजन होतं, आणि ते माझ्या खांद्याला अजून आठवतंय. तुमची कॉलर घामाने भिजली होती. फाटकापासून खुर्चीपर्यंत तुम्ही चालत आलात तेव्हा मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. संध्याकाळी आईने तुमचा, त्या पायाच्या आत घालायचा मोजा गार पाण्यात भिजत घातला. मी हात धुवायला गेले आणि बादलीतल्या पाण्याचा रंग बघितला. आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. मग तिने बादली उचलून ओतून दिली आणि मला विचारलं, भाजी काय करू. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुबड्यांवर कामावर गेलात, तो कपाटामागे गेला, आणि आपण तिघांनीही त्याच्याबद्दल काही न बोलायचं ठरवलं, कुणीही काही न ठरवता. तुमची माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. माफीचा विषय निघाला की तुम्ही चहा मागता, मला माहीत आहे.

शर्यतीचं सांगायचं राहिलंच. गाड्या सुटल्या आणि चिखल आमच्या खुर्च्यांपर्यंत उडाला. पाववाला मधेच कुठेतरी होता. पुढे जाण्यापेक्षा न धडकण्याकडे त्याचं लक्ष आहे असं मला वाटलं. शिंपीणबाई मात्र ‘दाब, दाब!’ म्हणून ओरडत होत्या. मग वळणावर पुढच्या गाडीचं चाक निखळलं, दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, आणि पाववाल्याची गाडी त्यांना चुकवताना टायरांच्या भिंतीत घुसली. पुढच्या झाकणातून धूर यायला लागला. काळा, जाड धूर. झेंडेवाल्याने लाल झेंडा वर केला, सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि एकाएकी इतकी शांतता झाली की कानातल्या कापसाचाही मला आवाज आला. मी उठले. एकच विचार मनात येत होता, की पट्टा मी नीट बसवला होता ना? शिंपीणबाईंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्या ते सोडत नव्हत्या. विझवणारी माणसं नळकांडी घेऊन निम्म्या वाटेत असतील, तेवढ्यात तो खिडकीतून बाहेर पडला. खरंच पडला, चिखलात, हातांवर. मग दोन हात आणि एक पाय असा सरपटत लांब गेला आणि टायरांवर जाऊन बसला. माणसांनी गाडीवर फेस मारला, आत माझ्या पायावरही. बाहेर काढला तेव्हा तो एका बाजूने वितळून वाकडा झाला होता. शिंपीणबाईंनी माझं मनगट सोडलं आणि म्हणाल्या, ‘नवा करशील ना?’

नंतर आम्ही खोक्यांवर बसलो. त्याने विजार वर गुंडाळून पाय मोकळ्या हवेत ठेवला होता आणि शिंपीणबाई ओल्या फडक्याने त्यावरचा चिखल पुसत होत्या. मी सवयीने बघून घेतलं. कातडी कोरडी, स्वच्छ, कुठे लाली नाही. येणारे-जाणारे थांबत होते, पावाचे तुकडे हातात देत होते, ‘यंदा सातवाही नाही का?’ म्हणून चिडवत होते. मी त्याला विचारलं, चालायचा पाय किती वेळ लावतोस? तो म्हणाला, बेकरीत उभं राहायचं असतं तेवढा वेळ. आणि घरी? ‘घरी कुणाला दाखवायचंय?’ असं म्हणून त्याने पावाचा घास घेतला. त्याच्या लेखी विषय संपला. मी मात्र परतीच्या बसमध्ये डोकं काचेला टेकून बसले आणि मला वाटलं की आपण किती दमलोय. गेली कित्येक वर्षं कुणाचाही पाय करायला घेतला तरी मी तुमचाच करत होते. रंग जुळवायचा, नखं कोरायची, आणि वाट बघायची की बाबा हा तरी लावतील.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. सोमवारी मी कामावर जात असताना धाकट्याने एक फोटो पाठवला. तुमच्याकडची दुपार म्हणजे इथली सकाळ, तुम्ही झोपला होतात तेव्हा त्याने काढला. त्याला रागावू नका, तो घाबरला आहे. हाडाच्या टोकाशी जखम आहे आणि तिची कड काळी पडली आहे. आईला तुम्ही ‘जरासं घासलंय’ म्हणून सांगितलंत. मी लगेच फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘तू येईपर्यंत बरं होईल, माणूस निघालाय.’ फोटो मी थोरलीला दाखवला. तिने माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसवलं. बाबा, उरलेला पाय इतक्या वर्षांत बारीक होतो, तो जुना साचा आता तुमचा राहिलेला नाही, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण अपघातानंतर विजेच्या खांबांवर चढणं बंद होऊन तुम्ही खुर्चीवर बसायला लागलात आणि तुम्हाला साखरेचा आजार लागला. साखरेच्या माणसाला अशी जखम झाली की पुढे काय होतं ते आमच्याकडे रोज येतं. तेव्हा गुडघा वाचवता येत नाही. म्हणून आजच तो काढा आणि पुन्हा लावू नका, माझ्यासाठी तर मुळीच नाही. उद्या सकाळी धाकट्याबरोबर दवाखान्यात जा, कुबड्या घेऊन. लहानपणी संध्याकाळी गल्लीच्या टोकाला त्यांचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची, धाकटा गोट्या लपवायचा, आणि मी दार उघडायला धावायचे. माझे बाबा मला त्या आवाजावरून कळतात. फाटकाशी दोन पायांवर चालत कुणी आलं, तर मला वाटेल दुसराच कुणी आला आहे, आणि मी त्याच्यामागे तुम्हाला शोधत राहीन.

तुमचीच,
जिला तुम्ही मुकादम म्हणता ती